सुरू होण्याआधी सांगायच्या गोष्टी

कोल्हार हे प्रवरेच्या काठावरचं, नगर-मनमाड महामार्गावरचं गाव. या पट्ट्यातल्या दूध संकलन केंद्रात पहाटे गेलात तर ठरलेला क्रम दिसतो. दूध काट्यावर जातं, नमुना फॅट मशिनमध्ये, आकडे संगणकात आणि पावती उत्पादकाच्या हातात. समजा, अशा एका केंद्रासाठी एका मुलीने जावामध्ये वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिलं आहे. जवळच्या लोणीत १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथलीच ती. तिच्या लॅपटॉपवर सगळं झकास चालतं. केंद्रातल्या संगणकावर बसवल्यावर मात्र पहिलं पानही उघडत नाही.

प्रोग्रॅममध्ये चूक काहीच नसते. फक्त चार गोष्टी तिने कोडमध्येच लिहून टाकलेल्या असतात: डेटाबेसचा पत्ता, त्याचा पासवर्ड, पावतीचा नमुना ठेवलेलं फोल्डर आणि फॅट मशिन कुठल्या पोर्टला जोडलंय तो क्रमांक. लॅपटॉपवर मशिन तिसऱ्या पोर्टला होतं, केंद्रात ते पाचव्याला आहे. ती चार ओळी बदलते, कोड पुन्हा कंपाइल करते आणि नवी फाइल बसवते. काम झालं.

पुढच्या महिन्यात बाभळेश्वरचं एक केंद्र तेच मागतं, मग राहात्याचं. आता तिच्याकडे एका प्रोग्रॅमच्या तीन आवृत्त्या झाल्या. पावतीच्या बेरजेत एक चूक सापडली की ती तीन ठिकाणी दुरुस्त करायची, तीनदा कंपाइल करायची आणि कोल्हारची फाइल राहात्याला जाणार नाही याची काळजीही घ्यायची. दहा केंद्रं झाली की हा धंदा बंद पडणार.

यावरचा उपाय जुना आहे. प्रोग्रॅम सगळीकडे एकच ठेवायचा आणि जागेप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टी त्याला सुरू होताना बाहेरून सांगायच्या. यांनाच स्टार्टअप पॅरामीटर म्हणतात. जावात त्या सांगायचे इतके मार्ग आहेत की नवा माणूस गोंधळतो. कुठला मार्ग चांगला, यावर तासन्‌तास वाद होतात. खरं तर आधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे: ही किंमत, म्हणजे पॅरामीटरला दिलेली व्हॅल्यू, कोण बदलणार, आणि कधी?

त्या प्रश्नाने वाटणी आपोआप होते. बेरीज कशी करायची, पावतीवर कुठले रकाने असावेत, हे सगळ्या केंद्रांत सारखं. ते लिहिणारी बदलेल, म्हणून ते कोडमध्ये. डेटाबेसचा पत्ता, पोर्ट, फोल्डर हे जागेप्रमाणे वेगळं. ते बसवणारा माणूस बदलेल, तेही क्वचित, म्हणून ते सुरुवातीच्या सेटिंगमध्ये. दुधाचा दर मात्र काळाप्रमाणे बदलतो. तो संस्थेचा सेक्रेटरी बदलेल, कधी आठवड्यात दोनदासुद्धा. म्हणून तो डेटाबेसमध्ये, आणि त्याला बदलायला एक साधं पान. दर जर स्टार्टअप पॅरामीटर केला, तर तो बदलला की सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागणार, आणि ते सकाळच्या संकलनात झालं तर रांग रस्त्यापर्यंत जाणार. सुरुवातीला वाचलेली किंमत साधारणपणे पुढच्या रीस्टार्टपर्यंत तशीच राहते. हा तिचा गुण आहे आणि मर्यादाही.

आता मार्ग पाहू. जावा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने बाजारात आणली. १९९९ मध्ये सर्व्हलेटच्या २.२ या आवृत्तीने वेब अ‍ॅप्लिकेशन एका गठ्ठ्यात बांधायची पद्धत घालून दिली. तो गठ्ठा म्हणजे वॉर फाइल. ही मुळात एक झिप फाइलच असते, आणि तिच्या पोटात वेब डॉट एक्सएमएल नावाची माहितीची फाइल असते. ही फाइल उघडणारा आणि प्रोग्रॅम चालवणारा सर्वांत परिचित सर्व्हर म्हणजे टॉमकॅट. तोही सनमध्येच जन्मला आणि १९९९ मध्येच अपाचे संस्थेकडे गेला. तो आपण सांगितलं नाही तर ८०८० या नेटवर्क पोर्टवर उभा राहतो.

पहिला मार्ग या वेब डॉट एक्सएमएलमध्येच आहे. त्यात नाव आणि किंमत अशी जोडी लिहिता येते आणि प्रोग्रॅम सुरू होताना ती वाचतो. बहुतेक पुस्तकं इथूनच शिकवतात. पण ही फाइल वॉरच्या आत असते. केंद्रातल्या माणसाने सर्व्हरवर जाऊन ती बदलली, तर पुढच्या वेळी नवी वॉर बसवताना त्याचा बदल पुसला जाणार. म्हणजे ही जागा लिहिणाऱ्याची, चालवणाऱ्याची नव्हे. इथे फक्त नेहमीच्या, बहुतेकांना चालतील अशा किमती ठेवाव्यात.

दुसरा मार्ग टॉमकॅटच्या स्वतःच्या कॉन्फ फोल्डरमधला. तिथे प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनसाठी वेगळी, वॉरच्या बाहेरची एक्सएमएल फाइल ठेवता येते आणि तिच्यात पॅरामीटर, डेटाबेसची जोडणी वगैरे लिहिता येते. वॉर बदलली तरी चालवणाऱ्याने लिहिलेलं वेगळं राहतं. इथे एक खोच आहे. एकच नाव बाहेरच्या फाइलमध्येही असेल आणि आतल्या वेब डॉट एक्सएमएलमध्येही असेल, तर मुळात आतलीच किंमत जिंकते. बाहेरची जिंकावी असं वाटत असेल तर त्या ओळीत ‘ओव्हरराइड’ला ‘फॉल्स’ असं स्पष्ट लिहावं लागतं. ‘बाहेर बदललं तरी फरक पडत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

तिसरा मार्ग जावा मशिनच्या आज्ञेतूनच. जावा सुरू करणाऱ्या ओळीत उणे चिन्हाला चिकटून मोठी डी, मग नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत लिहिली की ती गोष्ट संपूर्ण प्रोग्रॅमला कळते. ही सिस्टिम प्रॉपर्टी. टॉमकॅटमध्ये ती लिहायची जागा म्हणजे बिन फोल्डरमधली सेटएन्व्ह नावाची फाइल. ती आयती मिळत नाही, आपणच तयार करायची. तीत दोन नावं वापरता येतात, जावा ऑप्ट्स आणि कॅटालिना ऑप्ट्स. जावा ऑप्ट्समधलं सगळं सर्व्हर सुरू करतानाही लागू होतं आणि बंद करतानाही. कॅटालिना ऑप्ट्समधलं फक्त सुरू करताना. देखरेखीचा पोर्ट चुकून जावा ऑप्ट्समध्ये टाकला, तर बंद करायची आज्ञाही तोच पोर्ट मागते, तो आधीच गुंतलेला असतो आणि सर्व्हर बंदच होत नाही. विंडोजवर आणखी एक गंमत. तिथे टॉमकॅट सर्व्हिस म्हणून बसवला असेल तर सेटएन्व्ह फाइल कुणी वाचतच नाही. मग या ओळी टॉमकॅटच्या सर्व्हिस मॅनेजरच्या खिडकीत, जावा नावाच्या टॅबमध्ये लिहायच्या. गावोगावच्या कार्यालयांत विंडोजच असतं, तेव्हा हे लक्षात ठेवलेलं बरं.

चौथा मार्ग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोग्रॅमच्या हाती दिलेल्या किमतींचा. हरोकू या कंपनीतल्या लोकांनी २०११च्या सुमारास ‘ट्वेल्व्ह फॅक्टर अ‍ॅप’ नावाने बारा नियम मांडले. त्यात सेटिंग एन्व्हायर्नमेंटमध्येच ठेवा, असा एक नियम होता. कंटेनर आणि क्लाउडच्या जमान्यात तो रूढ झाला. पण त्याचाही एक फटका आहे, आणि लाइट जाणाऱ्या गावात तो हमखास बसतो. आपल्या लॉगिनच्या प्रोफाइल फाइलमध्ये किंमत लिहून हाताने सर्व्हर चालू केला तर तो नीट चालतो. रात्री लाइट जाऊन येते आणि लिनक्स आपण होऊन सर्व्हर उभा करते. त्या वेळी कुणी लॉगिन केलेलं नसतं, प्रोफाइल वाचली जात नाही आणि किमती रिकाम्या राहतात. सकाळी फोन येतो, “ताई, कालपर्यंत तर चालत होतं. आम्ही काहीच हात लावला नाही!” ते खरंच सांगत असतात. किंमत सर्व्हिसच्या फाइलमध्ये लिहायला हवी होती, लॉगिनच्या नव्हे.

पाचवा मार्ग २००४ मध्ये पहिली आवृत्ती आलेल्या स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा, आणि २०१४ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूटचा. स्प्रिंग बूटने नवा मार्ग काढला असं नाही. आधीच्या सगळ्या मार्गांना त्याने एका रांगेत उभं केलं आणि कोण कुणाला मागे टाकतो ते ठरवून दिलं. गठ्ठ्याच्या आतली, नाव-किंमत जोड्यांची प्रॉपर्टीज फाइल सर्वांत खालची. गठ्ठ्याबाहेरची फाइल तिच्या वर. तिच्या वर एन्व्हायर्नमेंट, मग सिस्टिम प्रॉपर्टी आणि सर्वांत वर आज्ञेच्या ओळीत दिलेली किंमत. नीट पाहिलं तर ही उतरंड लिहिणाऱ्याकडून चालवणाऱ्याकडे जाते. जो प्रत्यक्ष जागेवर उभा आहे, त्याचा शब्द शेवटचा.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर कसं चालतं, याचं चांगलं उदाहरण सार्वजनिक आरोग्यात आहे. डीएचआयएस-२ ही आरोग्याची आकडेवारी गोळा करणारी जावा वेब प्रणाली ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने घडली आणि २००६ मध्ये प्रथम केरळात बसवली गेली. आज ती ७० हून अधिक देशांत वापरतात. देशागणिक वेगळी वॉर फाइल कुणी बनवत नाही. प्रणाली सुरू होताना एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये पाहते आणि फक्त फोल्डरचा पत्ता घेते. त्या फोल्डरमध्ये एक छोटी कॉन्फ फाइल असते. डेटाबेस कुठे, वापरकर्ता कोण, पासवर्ड काय, हे तिच्यात. एन्व्हायर्नमेंटने ‘कुठे पाहायचं’ एवढंच सांगायचं आणि ‘काय’ ते फाइलने सांगायचं, ही जोडी आपल्या दूध केंद्रालाही तितकीच शोभते.

आता मराठी प्रोग्रॅमला खास नडणाऱ्या तीन सेटिंग. पहिली अक्षरांची. केंद्राचं नाव पावतीवर यावं म्हणून प्रॉपर्टीज फाइलमध्ये ‘कोल्हार’ असं लिहिलं आणि पावतीवर कचरा छापून आला, असं पुष्कळांचं होतं. जावाची जुनी रीत अशी की प्रॉपर्टीज फाइल थेट बाइटच्या रूपात वाचली तर ती पश्चिम युरोपीय लिपीची समजायची. ‘कोल्हार’मध्ये काना, मात्रा आणि हलन्त धरून सात युनिकोड चिन्हं आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट लागतात. जावा त्या २१ बाइटची २१ सुटी अक्षरं करते, आणि त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ सात वेळा येतो. असा ‘ए’ ठरावीक अंतराने दिसला की रोग ओळखावा. फाइल यूटीएफ-८ सांगून, रीडर वापरून वाचली की हे टळतं, आणि ती सोय जावा ६ पासून आहे. बाकीच्या फाइलींसाठी, विशेषतः विंडोजवर, फाइल एन्कोडिंगची सिस्टिम प्रॉपर्टी यूटीएफ-८ करून द्यावी लागे. २०२२ च्या जावा १८ पासून तेच मूळ धरलं जातं. जुन्या आवृत्त्या अजून जागोजागी चालू आहेत, तेव्हा ती ओळ लिहिण्यात तोटा नाही.

दुसरी सेटिंग वेळेची. केंद्राचा प्रोग्रॅम क्लाउडवर गेला असं समजा. अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे, पण मुंबईतला सर्व्हर घेतला म्हणून त्याचं घड्याळ भारतीय वेळ दाखवेल असं नाही. त्यांच्या लिनक्सचं घड्याळ मुळात जागतिक वेळेवर असतं. ही वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ११ तारखेला पहाटे ५ ला घातलेलं दूध त्या घड्याळात १० तारखेच्या रात्री ११:३० ला पडतं. पावणेसहाला आलेल्याचं दूध मात्र ११ तारखेलाच नोंदवलं जातं. बिल दहा दिवसांचं असेल तर लवकर उठणाऱ्याचं दूध मागच्या बिलात आणि उशिरा आलेल्याचं पुढच्या बिलात! यावर तंटा होणार हे सांगायला ज्योतिषी नको. जावा सुरू करताना टाइमझोनच्या सिस्टिम प्रॉपर्टीत आशिया-कोलकाता सांगितलं की नोंद जागेवर येते.

तिसरी सेटिंग भाषेची, आणि ती उलटी नडते. जावाला भाषा मराठी, देश भारत असं सुरुवातीलाच सांगितलं की नव्या आवृत्त्या आकडे देवनागरीत मांडू लागतात. पावतीवर ते देखणं दिसतं. पण कुणी आकड्याचं असं मजकुरात रूपांतर करून तोच मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत पाठवत असेल तर डेटाबेस गोंधळतो. मौज म्हणजे जावा स्वतः देवनागरी ‘१२’ हे न कुरकुरता बारा असं वाचते. बाहेरच्या जगाची तशी खात्री नाही. म्हणून भाषा संपूर्ण मशिनला न सांगता, जिथे माणसाला दाखवायचं तिथेच सांगावी.

पासवर्डचं प्रकरण वेगळं. तो आज्ञेच्या ओळीत देणं सोपं वाटतं, पण लिनक्समध्ये चालू प्रोग्रॅमची यादी मागितली की ती ओळ अख्खी दिसते. एवढंच नव्हे, टॉमकॅट सुरू होताना आपल्याला मिळालेले सगळे आर्ग्युमेंट लॉगमध्ये स्वतःच छापतो. मदत मागताना तो लॉग आपण कुणालाही सहज पाठवतो. पासवर्ड फाइलमध्ये ठेवावा, ती फाइल फक्त टॉमकॅटच्या खात्याला वाचता येईल अशी करावी आणि ती कोडच्या साठ्यात कधीही जाऊ देऊ नये.

स्टार्टअप पॅरामीटरची सगळ्या जगाला आठवण झाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. लॉग-फोर-जे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं. लॉगमध्ये जाणारा मजकूर मुद्दाम विशिष्ट तऱ्हेने पाठवला की हल्लेखोर आपला कोड समोरच्या सर्व्हरवर चालवू शकत होता. नवी लायब्ररी घालून, तपासून, पुन्हा बसवायला वेळ लागणार होता. तोवर २.१० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी तातडीचा सल्ला होता तो एका सिस्टिम प्रॉपर्टीचा: ती ‘ट्रू’ करा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा. ही ओळ कुठे लिहायची हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांना कोडला हात लावावा लागला नाही. थोड्याच दिवसांत तेवढ्याने भागत नाही असं दिसलं आणि लायब्ररी बदलावीच लागली. सेटिंगने वेळ मिळतो. कोडमधली चूक मात्र कोडमध्येच सुधारावी लागते.

शेवटची गोष्ट म्हणजे तपासणी. सुरू होताना वाचलेली प्रत्येक किंमत तेव्हाच तपासावी. टॉमकॅट प्रोग्रॅम उभा करतो तेव्हा लिसनरला, म्हणजे या क्षणासाठी आपण लिहून ठेवलेल्या कोडला, हाक मारतो. ती हाक या कामासाठी उत्तम जागा. फोल्डर आहे का, पोर्ट उघडतो का, डेटाबेस उत्तर देतो का, हे तिथेच पाहावं. नसेल तर तिथेच थांबावं. अर्धवट सुरू झालेला प्रोग्रॅम सकाळी शंभर जणांचं दूध नोंदवून एकशेएकाव्याला अडतो आणि मग आधीचे शंभर आकडे कुठे गेले ते शोधत बसावं लागतं. सुरुवातीलाच थांबलेला प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये नुसता ४०४ दाखवतो, आणि टॉमकॅटच्या मुख्य लॉगमध्ये ‘एखादा लिसनर सुरू झाला नाही’ एवढंच सापडतं. खरं कारण बहुधा शेजारच्या, लोकलहोस्ट नावाने सुरू होणाऱ्या, त्या दिवसाच्या लॉगमध्ये असतं. अनेक जण तिथपर्यंत पोचतच नाहीत.

म्हणून त्या लॉगमध्ये काय छापायचं हेही आपणच ठरवावं. ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ वाचून सेक्रेटरीला काय कळणार? ‘फॅट मशिनचा पोर्ट सांगितलेला नाही, अमुक फाइलमध्ये अमुक नावापुढे लिहा’ अशी ओळ आली, तर तो फोन न करता स्वतः दुरुस्त करेल. कुठली किंमत कुठल्या मार्गाने मिळाली तेही छापावं, पासवर्ड सोडून.

वॉर फाइलबरोबर एक पानही द्यावं, आणि ते मराठीत असावं. त्यात प्रत्येक पॅरामीटरचं नाव, नमुना, दिला नाही तर काय धरलं जाईल आणि तो कुणी बदलायचा, एवढे चारच रकाने पुरतात. शेवटचा रकाना भरताना अडलं, तर ती गोष्ट बहुधा पॅरामीटर नाहीच. ती कोडमध्ये हवी किंवा डेटाबेसमध्ये. आणि पान वाचून नव्या केंद्रातल्या माणसाने, लिहिणारीला न बोलावता, तीच वॉर आपल्याकडे उभी केली, तर पॅरामीटर बरोबर निवडले गेले असं समजायला हरकत नाही.